काल ४० फेम्टोसेकंद, आज ७०: फायबर कॉम्प्रेशनमध्ये पुन्हा पुन्हा बिघडणारी पल्स

लेझरची पल्स, म्हणजे प्रकाशाचा अतिशय छोटा ठोका, आणखी लहान करायचा सेटअप ओळखीचा आहे (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग). १०३० नॅनोमीटरचा इटर्बियम ऑसिलेटर (पल्स देणारा लेझर), त्याची २५० फेम्टोसेकंदांची पल्स, पाव मीटर पोलरायझेशन-मेंटेनिंग (प्रकाशाच्या कंपनाची दिशा टिकवणारं) फायबर, पुढे ग्रेटिंगची, म्हणजे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेषांच्या पट्ट्यांची, जोडी (हाच कॉम्प्रेसर) आणि शेवटी पल्सची लांबी मोजणारा ऑटोकोरिलेटर. काल संध्याकाळी त्याचा ट्रेस, म्हणजे पडद्यावरचा आलेख, सुरेख होता. आज सकाळी लेझर चालू केला, तासभर तापू दिला, तरी मधलं शिखर बुटकं आणि दोन्ही बाजूंना पायथा पसरलेला. मग कोणीतरी ग्रेटिंगमधलं अंतर थोडं कमी-जास्त करतं, ट्रेस जरा सुधारतो, दुपारी पुन्हा बिघडतो. आठवडाभरात मायक्रोमीटरचा आकडा कुठून कुठे गेलेला असतो आणि मूळची सेटिंग कोणालाच आठवत नसते.

या दुखण्यात कॉम्प्रेसर बहुतेक वेळा निर्दोष असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार चाललेला असतो. बिघाड ग्रेटिंगच्या आधी, फायबरच्या तोंडाशी किंवा त्याच्याही अलीकडे असतो. ग्रेटिंगचा स्क्रू हाताशी असतो आणि फिरवला की स्क्रीनवर लगेच काहीतरी हलतं, म्हणून सगळे तिथेच हात घालतात.

आधी स्पेक्ट्रम बघा

फायबरमध्ये पल्सची तीव्रताच काचेचा अपवर्तनांक क्षणभर बदलते. त्यामुळे पल्सच्या पुढच्या भागाची वारंवारता लालकडे आणि मागच्या भागाची निळ्याकडे सरकते, म्हणजे स्पेक्ट्रम रुंदावतो. काचेचं नेहमीचं डिस्पर्शन (वेगवेगळ्या रंगांनी वेगवेगळ्या गतीने जाणं) हाच चर्प, म्हणजे पल्सभर सरकत जाणारी वारंवारता, ताणून बराचसा सरळ रेषेत आणतं. ग्रेटिंगची जोडी त्याच्या उलट डिस्पर्शन देते आणि मागे पडलेला निळा पुढच्या लालला गाठतो. ग्रेटिंगची जोडी असं ऋण डिस्पर्शन देते हे ट्रेसी या संशोधकाने १९६९ मध्ये दाखवलं आणि त्यानंतर पल्स दाबण्याच्या बहुतेक सेटअपमध्ये ती या ना त्या रूपात आली.

यातली कळीची गोष्ट अशी की पल्स किती लहान होऊ शकते हे फायबरमध्येच ठरतं. कॉम्प्रेसर नवी वारंवारता तयार करत नाही, असलेल्या वारंवारता वेळेत जुळवून देतो. २५० फेम्टोसेकंदांच्या पल्सला साडेचार नॅनोमीटर रुंदी पुरते. ४० साठी निदान तीस नॅनोमीटर तरी हवेत, आणि फायबरमधून येणारा स्पेक्ट्रम बराचसा चौकोनी, कडेला कान उभारलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो त्याहून रुंदच दिसायला हवा. तो वीसवर आला असेल तर ग्रेटिंग आयुष्यभर फिरवत बसलात तरी ४० दिसणार नाहीत.

म्हणून पहिला नियम: ट्रेस बिघडला की फायबरनंतर एक आरसा मध्ये टाकून स्पेक्ट्रम घ्या आणि चांगल्या दिवशी साठवलेल्या स्पेक्ट्रमवर ठेवून बघा. चांगल्या दिवसाचा स्पेक्ट्रम साठवलेला नसेल तर ते काम आजच्या यादीत सर्वात वर लिहा. स्पेक्ट्रम अरुंद झाला असेल तर दोष आधी आहे. रुंदी तीच पण एका बाजूला झुकला असेल तरी दोष आधीच आहे. आकार हुबेहूब तोच असेल, तरच कॉम्प्रेसरकडे वळा.

अंदाजासाठी आकडे घेऊ. फायबरच्या गाभ्यातला मोड ६.२ मायक्रॉन व्यासाचा आणि आत शिरलेली ऊर्जा ५ नॅनोजूल असेल, तर २५० फेम्टोसेकंदांच्या पल्सची शिखरशक्ती साधारण १८ किलोवॅट होते. एवढ्या शक्तीला एक रेडियन अरेखीय फेज (तीव्रतेमुळे तरंगाच्या फेजमध्ये पडणारा फरक) जमायला जेमतेम एक सेंटिमीटर फायबर लागतं. डिस्पर्शनला तेवढंच काम करायला मात्र एक मीटर लागतो. या दोन लांबींच्या गुणोत्तराचं वर्गमूळ दहा येतं, आणि स्टोलेन, टॉमलिन्सन आणि शँक यांच्या १९८४ च्या हिशोबानुसार पल्स त्याच्या ०.६३ पट, म्हणजे सहापट दाबली जाऊ शकते. २५० चे ४० इथून येतात. त्यासाठी योग्य फायबर पाव मीटरच्या आसपास. आता आत शिरणारी शक्ती ४० टक्क्यांनी घटली असं धरा: दहाचे पावणेआठ होतात, सहाचे पाच होतात आणि उत्तम जुळवणी करूनही पन्नासच्या खाली जाता येत नाही. जुळवणी जुनीच राहिली असेल तर त्याहून वाईट, कारण शक्ती बदलली की लागणारं ग्रेटिंगमधलं अंतरही बदलतं.

पॉवर मीटर खोटं बोलतो

इथे हमखास उत्तर येतं, 'पण फायबरनंतरची पॉवर तर तेवढीच आहे.' माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात मोठा सापळा आहे.

लेन्सचा फोकस गाभ्यावरून थोडा सरकला की प्रकाश नाहीसा होत नाही. तो गाभ्याभोवतीच्या क्लॅडिंगमध्ये शिरतो. लांब फायबरवर बाहेरचं पॉलिमर आवरण हा प्रकाश वाटेतच शोषून घेतं किंवा बाहेर काढतं. आपलं फायबर पाव मीटरचं, त्यात दोन्ही टोकांना आवरण सोललेलं. क्लॅडिंगमधला बराचसा प्रकाश थेट दुसऱ्या टोकाला पोहोचतो आणि पॉवर मीटर तो इमानेइतबारे मोजतो. पण क्लॅडिंगचं क्षेत्रफळ गाभ्याच्या शेकडो पट, त्यामुळे तिथली तीव्रता नगण्य. हा प्रकाश रुंदावत नाही, दाबलाही जात नाही. कॉम्प्रेसरमधून गेल्यावरही तो जवळपास मूळच्याच लांबीचा राहतो आणि ऑटोकोरिलेशनमध्ये पायथा म्हणून बसतो.

ओळखायचं कसं? बाहेर पडणाऱ्या टोकाची प्रतिमा एका साध्या सिलिकॉन कॅमेऱ्यावर घ्या. १०३० ला सिलिकॉनची संवेदनशीलता कमी असली तरी इथे प्रकाश भरपूर आहे, उलट फिल्टर लावावे लागतील. मधोमध एक ठसठशीत ठिपका आणि भोवती काळोख असेल तर ठीक. ठिपक्याभोवती धूसर वर्तुळ दिसलं की समजा. दुसरी खूण स्पेक्ट्रममध्येच मिळते: रुंदावलेल्या पट्ट्याच्या मध्यभागी मूळ लेझरचा टोकदार सुळका उभा असेल, तर तो बहुधा क्लॅडिंगमधून न बदलता आलेला प्रकाश आहे.

उपाय दोन. कपलिंग करताना, म्हणजे प्रकाश गाभ्यात घालताना, पॉवर मीटरऐवजी स्पेक्ट्रमची रुंदी वाढवत जा. हे थोडं किचकट वाटतं, पण एकदा सवय झाली की पॉवर मीटरकडे बघावंसं वाटत नाही. आणि फायबरच्या सोललेल्या भागावर, टोकापासून दूर, काचेपेक्षा जास्त अपवर्तनांकाच्या जेलचा थेंब ठेवा, म्हणजे क्लॅडिंगमधला प्रकाश तिथेच बाहेर पडेल. टोकाला जेल लागू देऊ नका, जळून बसतं.

तापमान, पाऊस आणि फायबरचं टोक

आता कपलिंग मुळात का सरकतं ते बघू. ३.१ मायक्रॉन त्रिज्येच्या मोडवरून फोकस एक मायक्रॉन बाजूला गेला की दहा टक्के प्रकाश गाभ्याबाहेर जातो. ॲल्युमिनियम एका अंशाला दर मीटरमागे २३ मायक्रॉन प्रसरण पावतं, म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीच्या ॲल्युमिनियमच्या खांबासाठी एका अंशाला २.३ मायक्रॉन. लेन्स एका प्रकारच्या खांबावर आणि फायबरचं स्टेज वेगळ्या धातूच्या, वेगळ्या उंचीच्या बैठकीवर असेल, तर एसीच्या एका आवर्तनात ४० टक्के कपलिंग जाऊ शकतं. वर घेतलेला ४० टक्क्यांचा आकडा इथूनच घेतला होता.

लेन्स आणि फायबर एकाच बैठकीवर, एकाच धातूवर, शक्य तितक्या बुटक्या उंचीवर आणा. पीझो (विजेने अतिसूक्ष्म हलणारा भाग) लावलेलं महागडं स्टेज घेण्याआधी हे करा. एसीचा झोत थेट टेबलवर येत असेल तर साधा ॲक्रिलिकचा खोका कपलिंगवर ठेवल्यानेही फरक पडतो. दिवसातून एकदा ठरावीक वेळी पल्स बिघडत असेल तर कारण ऑप्टिक्समध्ये शोधू नका, इमारतीच्या एसीचं वेळापत्रक विचारा.

कोकणपट्टीत आणि पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर हा वेगळाच अध्याय असतो. रात्री एसी बंद, सकाळी खोलीत दमट हवा, मग अचानक थंड. फायबरच्या टोकावर काही मायक्रॉनच्या ठिपक्यात शेकडो मिलीवॅट प्रकाश एकवटलेला असतो. त्या तीव्रतेत धुळीचा कण किंवा तेलाचा अंश टोकावर भाजून बसतो. मग कपलिंग हळूहळू, दिवसागणिक घसरत जातं आणि लेन्स कितीही फिरवली तरी पूर्ण परत येत नाही. तापमानाचा दोष मागेपुढे होतो, टोकाचा दोष एकाच दिशेने वाढतो. फरक एवढ्यावरून कळतो. सूक्ष्मदर्शकाखाली टोक बघा. डाग दिसला तर पुसण्यात वेळ घालवण्यापेक्षा पाच मिलिमीटर कापून नवं टोक काढा. पाव मीटरमधले पाच मिलिमीटर गेल्याने काही बिघडत नाही.

फोटॉनिक क्रिस्टल फायबर वापरत असाल तर इथे विशेष सावधगिरी. त्याच्या क्लॅडिंगमधली भोकं केशिकांसारखी द्रव ओढून घेतात. सवयीने टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की द्रव आत जातो आणि मार्गदर्शनच बिघडतं. दमट हवेतली वाफही आत जाते. टोकाशी भोकं वितळवून बंद केलेली किंवा वर एंडकॅप (भरीव काचेचा तुकडा) जोडलेली असेल तर ही कटकट राहत नाही. एंडकॅपचा दुसरा फायदा असा की हवा-काचेच्या सीमेवर बीम मोठा झालेला असतो, त्यामुळे टोक भाजण्याची भीतीही कमी.

१०३० नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, आणि टोक बदलताना माणूस नेमका त्याच उंचीवर वाकतो. लेझर बंद करूनच टोकाला हात लावा. 'फक्त दोन मिनिटं' हे कारण चालत नाही.

फायबरच्याही अलीकडे

कपलिंग पक्कं आहे, टोक स्वच्छ आहे, क्लॅडिंगमध्ये काही नाही, तरी स्पेक्ट्रम अरुंद. मग आत जाणारी पल्सच बदललेली आहे. ऑसिलेटरच्या पल्सचं ऑटोकोरिलेशन वेगळं घ्या. सरासरी पॉवर तीच ठेवून पल्स २५० ची ३५० फेम्टोसेकंद झाली की शिखरशक्ती सुमारे तीस टक्क्यांनी घटते आणि पॉवर मीटरला पत्ताही लागत नाही.

इथे दोन नेहमीचे गुन्हेगार आहेत. फायबरच्या सरळ कापलेल्या टोकावरून साडेतीन टक्के प्रकाश परत फिरतो. तो ऑसिलेटरमध्ये शिरला तर मोडलॉकिंग (ज्यामुळे पल्स तयार होतात ती स्थिती) डळमळतं, कधी सुटतं, कधी नुसतं गोंगाटी होतं. फॅराडे आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच, आणि टोक आठ अंशाच्या कोनात असेल तर उत्तम. दुसरा गुन्हेगार म्हणजे ऑसिलेटरमध्ये एकाऐवजी दोन पल्स धावणं. पंपची शक्ती थोडी जास्त झाली की हे होतं. ऊर्जा दोघींत वाटली जाते, शिखरशक्ती निम्मी किंवा त्याहून कमी. ऑटोकोरिलेटरची खिडकी लहान असेल तर दुसरी पल्स दिसतच नाही. स्पेक्ट्रममध्ये मात्र बारीक पट्टे दिसतात: दोन पल्समध्ये १० पिकोसेकंदांचं अंतर असेल तर पट्टे ०.३५ नॅनोमीटरवर येतात. स्पेक्ट्रोमीटरची विभेदनक्षमता तेवढी नसेल तर वेगवान फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोपवर बघा, पण नॅनोसेकंदापेक्षा खूप जवळच्या जोड्या त्यात सुटतात.

पोलरायझेशनचं थोडक्यात. पोलरायझेशन-मेंटेनिंग फायबरमध्ये प्रकाश एका अक्षावर घातला नाही तर त्याच्या दोन पल्स होतात आणि दोन्ही वेगवेगळ्या गतीने जातात. नेहमीच्या अशा फायबरमध्ये हा फरक मीटरमागे दीड पिकोसेकंदाच्या आतबाहेर असतो, म्हणजे पाव मीटरला साडेतीनशे फेम्टोसेकंदांच्या आसपास. ट्रेसमध्ये बरोबर एवढ्या अंतरावर दोन्हीकडे खांदे आले असतील तर अर्धतरंग प्लेट (पोलरायझेशनची दिशा फिरवणारी) फिरवा, दोन मिनिटांत निकाल. साधं फायबर वापरत असाल आणि ते हाताने हलवताच स्पेक्ट्रम बदलत असेल, तर त्यावर उपाय शोधत बसू नका, पोलरायझेशन-मेंटेनिंग फायबर घ्या.

स्पेक्ट्रमला लाल बाजूला, १०८० नॅनोमीटरच्या जवळ, वेगळा उंचवटा आला असेल तर ते रामन प्रकीर्णन, म्हणजे काचेतल्या कंपनांना ऊर्जा देऊन प्रकाश लालकडे सरकणं. सिलिकामध्ये त्याची शिखरवृद्धी १३.२ टेराहर्ट्झ खाली असते. फायबर गरजेपेक्षा लांब आहे किंवा शक्ती जास्त आहे. कापा. लांब फायबर म्हणजे जास्त रुंदावणं हा समज खोटा आहे: पल्स ताणली गेल्यावर तीव्रता उरत नाही, रुंदी वाढायची थांबते आणि गोंगाट तेवढा वाढत राहतो.

आता कॉम्प्रेसर

स्पेक्ट्रम जसाच्या तसा आहे आणि तरी पल्स लांब आहे, अशा वेळीच ग्रेटिंगकडे या.

नव्याने बांधणाऱ्यांची एक चूक सेटअपच्या आराखड्यातच असते. इटर्बियमवर सगळे मिलिमीटरला १००० रेषांची ट्रान्समिशन ग्रेटिंग मागवतात, कारण लांब पल्सच्या ॲम्प्लिफायरसाठी ती योग्य असतात. आपल्याला लागतं चार-पाच हजार वर्ग फेम्टोसेकंद (डिस्पर्शनचं एकक). १००० रेषांची जोडी, दोनदा पार केली तर, एका मिलिमीटर अंतराला सहा हजार देते. म्हणजे ग्रेटिंग्ज एकमेकांपासून मिलिमीटरभरही लांब नकोत! काच काचेला टेकते, स्क्रूचा थोडा धक्का लागला तरी पल्स पळते, आणि मग 'कॉम्प्रेसर अस्थिर आहे' असा निष्कर्ष निघतो. ३०० रेषांची जोडी मिलिमीटरला साडेतीनशेच्या आसपास देते. अंतर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास येतं आणि हाताने जुळवता येतं. किंवा सरळ चर्प्ड आरसे (परावर्तनातच ऋण डिस्पर्शन देणारे) लावा, त्यात फिरवायला काही नसतंच. ज्या प्रयोगशाळेत रोज नवा विद्यार्थी स्क्रू फिरवतो तिथे हे विशेष गुणकारी.

कमी रेषांचा दुसरा फायदा तिसऱ्या क्रमाच्या डिस्पर्शनचा, म्हणजे डिस्पर्शन स्वतःच रंगागणिक बदलतं त्याचा. ग्रेटिंग दुसऱ्या क्रमात काचेच्या उलट चिन्हाचं काम करतं, पण तिसऱ्या क्रमात दोघांचं चिन्ह एकच, त्यामुळे तो दोष रद्द होण्याऐवजी साठत जातो. लिट्रो कोनाजवळ (येणारा आणि वळलेला किरण ग्रेटिंगशी सारखाच कोन करतात तिथे) १००० रेषांसाठी तिसऱ्या आणि दुसऱ्या क्रमाचं गुणोत्तर २.८ फेम्टोसेकंद, ३०० रेषांसाठी १.७. शंभर फेम्टोसेकंदांच्या पल्सला याने काही होत नाही. चाळीसला पल्सच्या एका बाजूला शेपूट फुटू लागते आणि वीसच्या खाली तोच मुख्य शत्रू असतो. प्रिझमची जोडी तिसऱ्या क्रमात ऋण असते. बेल लॅबोरेटरीजमध्ये १९८७ मध्ये फोर्क, शँक आणि सहकाऱ्यांनी ५० फेम्टोसेकंदांची पल्स फायबरमधून रुंदावून ६ फेम्टोसेकंदांपर्यंत आणली, ती ग्रेटिंग आणि प्रिझम अशा दोन्ही जोड्या एकत्र वापरून हा तिसरा क्रम मारल्यामुळे.

ग्रेटिंग्ज समांतर नसतील तर पल्स लांब होतेच, शिवाय बीमच्या डाव्या कडेला एक रंग आणि उजव्या कडेला दुसरा असं होतं. बाहेर पडणाऱ्या बीमवर एक फट आडवी सरकवत स्पेक्ट्रम बघा. मध्यबिंदू सरकत असेल तर कोन दुरुस्त करा. उभी सरकवतानाही सरकत असेल तर रेषांची दिशा एकमेकींशी जुळलेली नाही, म्हणजे एक ग्रेटिंग स्वतःच्या प्रतलात किंचित फिरवावं लागेल. ही दुसरी तपासणी लोक विसरतात.

ऑटोकोरिलेटरवर किती विश्वास

ट्रेसची रुंदी म्हणजे पल्सची रुंदी नव्हे, १.५४ ने भागायचं हे सगळ्यांना माहीत असतं. तो भागाकार फक्त सेक-वर्ग या गणिती आकाराला लागू आहे, आणि दाबलेली पल्स सहसा त्या आकाराची नसते. ४० च्या पल्ससाठी ऑटोकोरिलेटरमधला, वारंवारता दुप्पट करणारा क्रिस्टल पातळ हवा, ०.१ ते ०.२ मिलिमीटर, जाड क्रिस्टल स्पेक्ट्रमच्या कडा गिळतो आणि मग तुम्ही पल्सऐवजी क्रिस्टल मोजत असता.

सर्वात फसवा प्रकार वेगळाच. रुंद पायथ्यावर बरोबर मध्यभागी अतिशय अरुंद, देखणा सुळका दिसतो आणि कोणीतरी आनंदाने त्या सुळक्याची रुंदी वहीत लिहून टाकतं. पायथ्याची उंची सुळक्याच्या टोकाच्या निम्मी असेल, तर ती अस्ताव्यस्त गोंगाटाची खूण आहे. गोंगाटाचा तुकडासुद्धा स्वतःशी शून्य विलंबाला जुळतोच. अशा वेळी सुळका कितीही बारीक असो, पल्स पायथ्याएवढी लांब आहे. शंका असेल तर फ्रॉग मोजमाप (पल्सचा पूर्ण आकार आणि फेज देणारी पद्धत) करा आणि मिळालेल्या पल्सचा स्पेक्ट्रम स्पेक्ट्रोमीटरच्या स्पेक्ट्रमशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर मोजमापच चुकलंय.

एवढं सगळं ठीक असूनही थोडा पायथा उरतो. पल्सच्या कडांना तीव्रता कमी, तिथला चर्प मधल्यासारखा सरळ नसतो, आणि ग्रेटिंगला तो जुळवता येत नाही. फायबर खूप आखूड असेल तर हा भाग मोठा, पाव मीटरच्या आसपास कमीत कमी. तुमचं फायबर दहा सेंटिमीटरचं असेल आणि पायथा नकोसा असेल तर लांबी वाढवून बघा. ऊर्जा काही मायक्रोजूलपर्यंत न्यायची असेल तर ठोस गाभ्याच्या या फायबरमध्ये ते होणार नाही, सिलिकात १ मायक्रॉन तरंगलांबीला चार मेगावॅटच्या आसपास बीम स्वतःच स्वतःला फोकस करतो आणि काच फुटते. तिथे मिलानमध्ये १९९६ साली निसोली, दे सिल्वेस्त्री आणि स्वेल्तो यांनी दाखवलेला, निष्क्रिय वायूने भरलेल्या पोकळ फायबरचा मार्ग घ्यावा लागतो. त्याचे रोग वेगळे आहेत, पण स्पेक्ट्रम आधी आणि कॉम्प्रेसर नंतर हा क्रम तिथेही तोच ठेवा.